ब्रेकअपनंतर त्याच मुंबईत: पहिल्यांदाच वेगळं होणाऱ्यांसाठी

मुंबईत "किती लांब आहे?" असं विचारलं तर कोणी किलोमीटर सांगत नाही. मिनिटं सांगतो. मुलुंड ते परळ? स्लोने पाऊण तास. ब्रेकअपनंतरही हेच गणित लावायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. मी मुलुंड पूर्वेची, तो मुलुंड पश्चिमेचा. आमच्या मधे रेल्वेचा एक पूल. दोघांचीही ऑफिसं परळला. पाच वर्षं सोबत होतो, आणि २०२२ च्या मे महिन्यात वेगळे झालो. लांब जायचं म्हणजे कुठे जायचं? घर आईबाबांचं, नोकरी सोडवत नाही, गाडी तीच. या शहरात जागेने लांब जाणं परवडत नाही, तेव्हा वेळेने लांब जावं लागतं.

"आपण मित्र राहायचं का?" हा प्रश्न सगळ्यांना पहिल्याच दिवशी पडतो. या लेखात तो सगळ्यात शेवटी येईल, कारण तो खरोखरच शेवटचा आहे. आधीची कामं नीट झाली तर त्याचं उत्तर आपोआप मिळतं. ती अर्धवट सोडली तर मैत्रीच्या नावाखाली जुनंच प्रकरण उधारीवर चालू राहतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. नात्यात मारहाण, धमकी, पाठलाग यातलं काही असेल तर हे सगळं सोडा आणि "हे प्रेम नव्हे" असं लिहिलेला भाग आधी वाचा.

शेवटची भेट कुठे घ्यायची

घरी नाही. मरीन ड्राइव्हवर नाही, बँडस्टँडला नाही, वरळी सी फेसला तर अजिबात नाही. या जागा जुळण्यासाठी आहेत. आजूबाजूला पन्नास जोडपी खांद्यावर डोकं ठेवून बसलेली असताना तुमचा निर्णय टिकत नाही. शिवाजी पार्कचा कट्टा दुसऱ्या कारणासाठी नको: तिथे दर दहा मिनिटांनी कुणाची तरी मावशी फेऱ्या मारत असते.

आमची 'शेवटची भेट' तीनदा झाली. पहिली वरळीला, अवकाळी पावसात, आणि छत्री एकच. एका छत्रीत ब्रेकअप होत नाही, हे लिहून ठेवा. दुसरी रात्री साडेनऊला. "एवढ्या उशिरा एकटी कशी जाशील" म्हणत तो घरापर्यंत सोडायला आला आणि बिल्डिंगखाली उभे राहून आम्ही परत जुळलो. तिसरी मात्र जमली. दादरला, शनिवारी दुपारी, मिसळ-थालीपीठ मिळणाऱ्या अशा हॉटेलात, जिथे तुमच्या खुर्चीमागे पुढची मंडळी उभी असतात आणि पियूष संपायच्या आत वेटर बिल ठेवतो. तिथे कुणी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसूच शकत नाही. रडू आलं तर मिसळ तिखट होती म्हणता येतं.

त्या अर्ध्या तासात तीनच गोष्टी बोलायच्या. हे संपलं. पुढचे काही महिने आपण बोलणार नाही. वस्तू आणि पैशांचं काय करायचं. 'का' हा विषय काढायचा नाही. तो गेले सहा महिने चाललेलाच होता, अर्ध्या तासात नवीन काही निघणार नाही. समोरच्याने "पण आपण मित्र तर राहू ना?" विचारलं, तर "आत्ता माहीत नाही" एवढंच. हे उत्तर निर्दय वाटतं, पण खरं असतं. "हो, नक्की" हे उत्तर गोड वाटतं आणि आठ दिवसांत खोटं पडतं.

बातमी कुणाला

दोन-तीन माणसांना, आणि त्यातलं एक घरातलं. आईला सांगायची भीती सगळ्यांना वाटते. माझ्या आईला मी सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "हल्ली फोनवर बोलताना गॅलरीत जात नाहीस, तेव्हाच कळलं," म्हणाली आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.

दोघांचे मिळून जे मित्र आहेत त्यांच्यासाठी एकच वाक्य दोघांनी ठरवून घ्या, आणि दोघांनीही तेच सांगा. "आमचं संपलंय, भांडण नाही, दोघांनाही बोलवत जा." दोन वेगळ्या गोष्टी गेल्या की चहाच्या टपरीवर त्यांची तुलना होते, आणि मग तुमचं ब्रेकअप इतरांची मालिका बनते. त्याच रात्री डीपी बदलू नका, स्टेटसला गझल टाकू नका. ज्याच्यासाठी टाकताय तो बघतो, आणि ज्यांच्यासाठी टाकली नाही तेही सगळे बघतात.

फोन: एक संध्याकाळ द्या

मन रिकामं करायला वेळ लागतो, फोन एका संध्याकाळीत होतो. पण हे काम घाईने, रात्री दोन वाजता करू नका. रविवारी संध्याकाळी, चहा झाल्यावर, शांतपणे करा.

पहिलं, लोकेशन शेअरिंग. गूगल मॅप्सवर कधीतरी 'कायमचं' म्हणून सुरू केलेलं असतं आणि दोघंही विसरलेले असतात. ते बंद करा. दुसरं, व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. त्याच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप अजून चालू असू शकतं. माझं होतं. त्याने वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण कुणी वाचू शकेल अशी सोय असणं हेच पुरे. तसंच ईमेल: गूगल खात्यात कोणकोणत्या उपकरणांवर लॉगिन आहे याची यादी दिसते, तिथून अनोळखी आणि जुनी सगळी काढा आणि मग पासवर्ड बदला. या क्रमाचा कंटाळा करू नका. फोनचा पॅटर्न बदला, तो त्याला पाठ आहे. यूपीआयचा पिनही.

ओटीटीचं खातं कुणाचं आहे ते बघा. तुमचं असेल तर सांगून बंद करा, त्याचं असेल तर स्वतःहून बाहेर पडा. चोरून बघत राहिलात तर 'पाहणं सुरू ठेवा'मध्ये त्याने काल रात्री काय पाहिलं ते दिसत राहतं, आणि त्यावरून तो आता कुणासोबत आहे याचा तर्क करण्यात तुमचा गुरुवार जातो.

खाणं मागवायच्या ॲपमधले जतन केलेले पत्ते पुसायला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. ब्रेकअपनंतर तिसऱ्या आठवड्यात मी मागवलेली बिर्याणी त्याच्या घरी गेली. त्याच्या बाबांनी ती घेतली, डिलिव्हरीवाल्याला पाणी विचारलं आणि मला फोन करून म्हणाले, "अगं, पाठवायचीच होती तर व्हेज पाठवायचीस, आज चतुर्थी आहे."

फोटोंचं काय? सगळे डिलीट करू नका. पहिल्या रात्री पुसलेले फोटो तिसऱ्या रात्री ट्रॅशमधून बाहेर काढले जातात. पेन ड्राइव्हवर घ्या, मैत्रिणीकडे ठेवायला द्या, फोनमधून काढा. ढिगातला तुमच्या आजीचा फोटो त्यानेच काढलेला असतो, तो जाता कामा नये. खाजगी फोटो मात्र वेगळा विषय. ते दोघांनीही एकमेकांसमोर पुसलेले बरे, आणि त्याबद्दल लाजायचं काही कारण नाही. आधीच सांगून टाका: "माझे फोटो तुझ्याकडे नकोत."

पैसे आणि भाड्याचं घर

भेटवस्तू हिशेबात धरायच्या नाहीत. कर्जाऊ दिलेले पैसे, सहलीचे उरलेले, एकाच्या कार्डावर दुसऱ्याच्या फोनचे हप्ते, हे मात्र धरायचं. एक यादी, एक आकडा, एकच ट्रान्सफर, आणि खाली 'हिशेब पूर्ण' असा मेसेज. तुकड्यातुकड्यांनी पैसे परत करणं म्हणजे दर महिन्याला एकदा भेटण्याचं निमित्त. मी सातशे रुपये मुद्दाम शिल्लक ठेवले होते. मला वाटायचं त्याच्या लक्षात आलं नाही. त्याच्या पहिल्या दिवसापासून लक्षात होतं.

विम्यात, बँकेत, पीएफमध्ये एकमेकांना नॉमिनी म्हणून लावलं असेल तर बदला. लोक हे विसरतात आणि दहा वर्षांनी कुणाच्या तरी बायकोला कळतं.

एकत्र राहत असाल तर काम वाढतं. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो (भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५), आणि मुंबईत तो बहुतेक ११ महिन्यांचा असतो. करारावर दोघांची नावं असतील आणि एकाने बॅग भरून निघून गेलं, तरी कागदावर तो राहतोच. भाडं थकलं तर मालक दोघांनाही विचारणार. म्हणून मालकाला लेखी कळवा. राहणाऱ्याच्या एकट्याच्या नावाने नवा करार करून घ्या. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती आहेत आणि ते कधी मिळणार, हे एकमेकांना मेसेजवर लिहून ठेवा. तोंडी "बघू नंतर" म्हणजे मुंबईच्या डिपॉझिटच्या आकड्यांत फार महाग शब्द. आणि राहणार कोण, हा प्रश्न प्रेमावर नाही, कुणाला दुसरं घर लवकर मिळेल यावर सोडवा. एकट्या मुलीला घर शोधायला सोसायट्यांच्या अटींमुळे जास्त वेळ लागतो, हे दोघांनाही माहीत असतं.

वस्तू परत करणं, आणि डब्याचा प्रश्न

हुडी, चार्जर, ट्रेकचा तंबू, पुस्तकं, घराची किल्ली, आधारच्या झेरॉक्स. एका पिशवीत भरा, एकदाच द्या. मधल्या मित्राच्या हाती दिलेलं चालतं. स्टेशनच्या पुलावर उभ्या उभ्या दिलेलंही चालतं. घरी जाऊन देऊ नका, आत बोलावतात.

पण खरी पंचाईत स्टीलच्या डब्याची. माझ्याकडे त्याच्या आईचा एक डबा होता, झाकणावर काकूंचं नाव आणि '१२-५-९१' कोरलेलं. त्यांच्या लग्नात आलेल्या भांड्यांपैकी. चकल्या भरून आलेला. आता आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. भरून करावा, तर नातं पुढे चालू आहे असा त्याचा अर्थ निघतो. न करावा, तर काकूंच्या मांडणीत त्या जागी कायम भोक. मी आठ दिवस त्या डब्याकडे बघत होते. शेवटी आईने मार्ग काढला: दोन चमचे साखर. रिकामाही नाही, आणि फराळही नाही. त्यानंतर मी ज्या-ज्या मैत्रिणीला हा तोडगा सांगितला, तिच्याही घरात एक डबा निघालाच. काहींच्याकडे तीन.

साखरपुडा होऊन मोडला असेल तर अंगठ्या आणि साड्यांचा व्यवहार थोरामोठ्यांना करू द्या. तुम्ही त्या बैठकीला जाऊ नका. यादी मात्र तुमच्याकडून घ्यायला सांगा, नाहीतर चार वर्षांनी "ती पैठणी आमची होती" असा निरोप येतो.

तीन महिने गप्प

तीनच का? अभ्यासाचा आधार काही नाही, माझा आणि मैत्रिणींचा अनुभव आहे. एक महिना आपण चिडलेले असतो, दुसऱ्यात हळवे, तिसऱ्यात कंटाळतो. कंटाळा आला की समजावं, काम होत आलं.

ब्लॉक करायचं का? समोरचा मर्यादा पाळत असेल तर गरज नाही. चॅट आर्काइव्ह करा, स्टेटस म्यूट करा, इन्स्टाग्रामवर म्यूट करा. ब्लॉक केल्यावर आपण दिवसातून चारदा अनब्लॉक करून बघतो, म्हणजे उलट जास्त आठवण. पण तो रात्री-बेरात्री लिहीत असेल, किंवा तुम्ही लिहीत असाल, तर खुशाल ब्लॉक करा. हा अपमान नाही, दाराला कडी लावणं आहे.

वाढदिवसाला शुभेच्छा नाहीत. हो, पहिल्या वर्षी नाहीत. आणि सगळ्यात धोक्याचा दिवस वाढदिवस नाहीच. जूनमधला पहिला पाऊस. त्या संध्याकाळी अख्खी मुंबई कुणाला तरी 'पाऊस' असा एका शब्दाचा मेसेज करते. फोन आईकडे द्या आणि भजी तळा.

आता एक अपवाद, कारण हे मुंबईत होणारच. जुलैत कधीतरी पाणी भरतं, गाड्या बंद पडतात, आणि फोन वाजतो: "पोचलीस का?" ज्यांनी २६ जुलै २००५ पाहिलाय, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, माणसं रुळांवरून चालत घरी, कुणाचा कुणाशी संपर्क नाही, त्यांना या प्रश्नाची किंमत सांगावी लागत नाही. या मेसेजला उत्तर द्यायचं. "पोचले." पूर्णविराम. "तू?" विचारायचं की नाही यावर माझं आणि माझ्या बहिणीचं एकमत नाही. ती म्हणते विचारावं, माणुसकी आहे. मी म्हणते, तो विचारतोय म्हणजे त्याचा फोन चालू आहे आणि हात मोकळे आहेत, पोचला असणार.

तीच गाडी, तोच पूल

इथे वेळेचं गणित कामाला येतं. मी सव्वाआठच्या सुमाराची ठाणे स्लो पकडायचे, तोही. लेडीज डब्यात तो येऊ शकत नाही हे खरं, पण परळला उतरल्यावर दोघांचा पूल एकच. मी वीस मिनिटं आधीची गाडी धरली. वीस मिनिटं म्हणजे घरी सकाळी भांडण होऊ शकेल एवढं मोठं अंतर आणि वर्षभरात एकदाही भेट होणार नाही एवढंही मोठं. वेळ बदलता येत नसेल तर डबा बदला. बारा डब्यांची गाडी साधारण २५० मीटर लांब असते. पुढच्या लेडीजऐवजी मागचा धरला तर उतरेपर्यंत गर्दीच तुमच्यासाठी भिंत होते. संध्याकाळचं सांभाळणं अवघड, कारण संध्याकाळी कुणाचंच काही ठरलेलं नसतं. तेवढं नशिबावर सोडा.

जुनी गाडी सोडताना डब्यातल्या मैत्रिणींना कारण सांगावं लागतं. माझ्या ग्रुपमधल्या घाटकोपरच्या काकूंनी ऐकून घेतलं, पिशवीतून वाटाणे काढले आणि "सोल" म्हणाल्या. घाटकोपर ते शीव मी वाटाणे सोलत होते. कौन्सेलिंगचे पैसे वाचले असं म्हणणार नाही, पण त्या दिवसाचे वाचले.

काही पत्ते आपोआपही पुसले जातात. आमचं भेटायचं ठिकाण म्हणजे दादर, सेंट्रलचा तीन नंबर. २०२३ च्या डिसेंबरमध्ये दादरचे फलाट नव्याने मोजले, मध्य रेल्वेच्या बाजूला ८ ते १४ आले. "तीन नंबरवर ये" या वाक्याला आता सेंट्रलवर जागाच नाही.

तरी गाठ पडतेच. तेव्हा काय बोलायचं हे आधी पाठ करून ठेवा, कारण आयत्या वेळी तोंडातून भलतंच निघतं. माझ्या पहिल्या गाठीला मी "तू बारीक झालास" म्हणाले आणि पुढचे दोन दिवस स्वतःला कोसत होते. तीन वाक्यं पुरतात: कसा आहेस, घरी सगळे बरे ना, चल गाडी आली. 'गाडी आली' हे मुंबईने आपल्याला दिलेलं वरदान आहे. जगात दुसऱ्या कुठल्या शहरात बोलणं अर्धवट तोडून पळत सुटलेला माणूस इतका सभ्य दिसत नसेल.

त्याच्या घरची माणसं

तुमचं त्याच्याशी संपलं, काकूंशी नाही. हे आपल्याकडचं खास दुखणं. पाच वर्षं त्या घरी गणपतीला जाऊन मोदकांच्या पाऱ्या केलेल्या असतात, आणि सप्टेंबर जवळ आला की फोन येतो, "येतेस ना गं?"

पहिल्या वर्षी जाऊ नका. काकूंना स्वतः फोन करून सांगा, त्याच्यामार्फत नाही: "काकू, या वर्षी नाही जमणार, मला थोडं अवघड जाईल." मोठी माणसं खरं कारण ऐकून दुखावत नाहीत, थापा ऐकून दुखावतात. दुसऱ्या वर्षापासून, तो ऑफिसला असेल अशा वेळी, दहा मिनिटं दर्शनाला जायला हरकत नाही. मी गेले. काकूंनी डब्याचा विषय काढला नाही, पण प्रसाद कागदाच्या पुडीत बांधून दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांनाही परत करण्याचा प्रश्न नको होता.

हळदीकुंकवाला, मुंजीला, बारशाला: बोलावणं त्याच्या घरच्या बाईकडून आलं तरच. आणि त्याची बायको घरात आली की ही ये-जा तुम्हीच कमी करायची. तिला सांगावं लागू नये.

ग्रुप, ढोल आणि केळवण

ट्रेकच्या ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका, म्यूट करा. बाहेर पडायचंच तर आता व्हॉट्सॲप सगळ्यांना दवंडी देत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. ढोल पथकात दोघं असाल तर मात्र एकाने तो हंगाम सोडलेला बरा. दोन-दोन महिने रोज संध्याकाळचा सराव, समोरासमोरच्या रांगा, आणि तालात चूक झाली की सगळ्यांच्या नजरा दोघांवर. कोण सोडणार? जो नंतर आला तो. हा माझा नियम आहे, भांडण नको म्हणून केलेला.

मित्राच्या केळवणाला दोघांना बोलावलंय. जा. पंगतीत समोरासमोर बसू नका, एकाच रांगेत टोकांना बसा. समोर बसलेला दिसतो, रांगेतला दिसत नाही. उखाण्यांचा आग्रह सुरू झाला की पाणी प्यायला उठा.

ऑफिस एकच असेल तर कामाचं ईमेलवर, बाकी काही नाही. आणि एक जण दुसऱ्याचा वरिष्ठ असेल तर एचआरला सांगून रिपोर्टिंग बदलून घ्या. पगारवाढीचा फॉर्म भरताना एक्स आडवा येऊ नये.

लग्न झालेलं असेल तर

मग मौनाचे तीन महिने चालत नाहीत, कारण कागद असतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीने घटस्फोट मागताना निदान वर्षभर वेगळं राहत असल्याचं दाखवावं लागतं. अर्ज केल्यावर पुन्हा सहा महिने थांबावं लागतं. ही अट योग्य प्रकरणात न्यायालय शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. मुंबईचं कुटुंब न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, आणि तिथे समुपदेशकही असतात. त्यांच्यासमोर बोलून घ्या. वकिलांच्या नोटिशीतून बोलणं महाग आणि कडू होतं.

मूल असेल तर तुम्ही एक्स होतच नाही, आई आणि बाबा राहता. त्याच्याकरवी निरोप पाठवू नका. "बाबांना सांग फी भरायची आहे" हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी फार जड होतं. फी, लस, सुट्ट्या, गॅदरिंग एवढ्यासाठी एक वेगळं चॅट ठेवा आणि त्यात दुसरं काही लिहू नका. माझी एक मैत्रीण त्या चॅटला 'शाळा' असं नाव देऊन बसली आहे. भांडण आलं की ती लिहिते, "हे शाळेबाहेरचं आहे."

हे प्रेम नव्हे

'नाही' म्हटल्यावरही बिल्डिंगखाली उभं राहणं, स्टेशनपर्यंत मागे येणं, नव्या नंबरांवरून मेसेज, "जीव देईन" अशा धमक्या, फोटो पसरवण्याची भाषा. सिनेमांनी याला वेड म्हटलं असेल. कायदा याला गुन्हा म्हणतो. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने तिचा पाठलाग करणं किंवा ऑनलाइन पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतं, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खाजगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई खाली. लग्न न करता एकत्र राहत असाल आणि नातं लग्नासारखं असेल, तर घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा तुम्हालाही लागू होऊ शकतो.

एकदा, एकच मेसेज लिहा: "माझ्याशी संपर्क करू नकोस." त्यानंतर उत्तर देऊ नका, पण काही पुसूही नका. स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. घरच्यांना आणि वॉचमनला सांगा. तातडीला ११२, मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन १०३, गाडीत किंवा स्टेशनवर १३९. फोटोंचं प्रकरण असेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. त्याने जीव देण्याची धमकी दिली तर धावत जाऊ नका. त्याच्या घरी फोन करा, आणि ११२ ला. आणि तुम्हालाच रात्री जगणं नकोसं वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट असतो, मराठीत बोलता येतं. मुलग्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुमच्याकडे लेडीज डबा नसतो, वाटाणेही नसतात, आणि मित्र "चल, बसू" म्हणून फक्त बिअर पाजतात.

आणि मग, मैत्री

आता तो प्रश्न. एक साधी परीक्षा आहे: त्याला नवीन कुणी भेटलं ही बातमी ऐकून तुम्ही जेवू शकता का? जेवलात, तर मैत्री होऊ शकते. ताट सरकवलंत, तर अजून थांबा. मला ही बातमी दीड वर्षाने कळली, त्याच्याकडूनच, दोन ओळींच्या मेसेजमधून: "स्टेटसला दिसायच्या आधी सांगतोय." हे त्याने फार छान केलं. तुम्हीही असंच करा, बोलणं सुरू असेल तर. मी अर्धी पोळी टाकली, भात मात्र खाल्ला.

लग्नाची पत्रिका आली तर साखरपुड्याला नाही, मांडवात नाही. रिसेप्शनला, मित्रांच्या घोळक्यात, अर्धा तास. स्टेजवर फोटोत कडेला उभं राहायचं. आहेराच्या पाकिटावर फक्त तुमचं नाव.

यंदा फेब्रुवारीत दादरला शिवाजी मंदिरात नाटकाला गेले होते. मध्यंतरात बटाटावड्याच्या रांगेत माझ्या पुढे तो, बायकोसोबत. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. कसा आहेस झालं, घरी सगळे बरे ना झालं, काकूंचे गुडघे झाले. तिने मला विचारलं, वडा इथला चांगला की पार्ल्याचा? मी म्हटलं इथला. मग तिघंही गप्प, आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "चल, गाडी आली."

रांगेतल्या दोघा-तिघांनी मागे वळून पाहिलं. तो वड्याचे पैसे देत होता. "फास्ट की स्लो?" त्याने विचारलं, आणि तेवढ्यात घंटा झाली.